पिसं झडलेल्या सात जणी

प्रश्न : आमच्या गावाजवळची अंड्यांची एक शेड बंद पडली. मालकाने उरलेल्या कोंबड्या दोन दिवस उपाशी ठेवल्या होत्या. मला राहवलं नाही, सात घेऊन आले. पाठ आणि मान उघडी, चोची कापलेल्या, नखं वाढलेली. त्या धड चालत नाहीत, कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसतात. एक तर डोळे मिटून, तोंड उघडून श्वास घेते. घरी नऊ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. परवा सगळ्यांना एकत्र सोडलं, तर आमच्यांनी नव्यांना रक्त येईस्तोवर टोचलं. सासूबाई म्हणतात, भर पावसात ही ब्याद कशाला, अंडी तरी देणार का? काय करू?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ताई, तोंड उघडून श्वास घेणारीबद्दल पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोनवर सांगितलं : गुरांच्या दवाखान्यात न्या, अंक छापून येण्याची वाट बघू नका. आता उरलेल्या सहांचं.

पहिल्यांदा मीही तुमच्यासारखंच केलं होतं. वेंगुर्ल्याला आमच्या आगरात शेडमधल्या चार आणून सोडल्या. शेजारच्या काकी कुंपणावरून बघून म्हणाल्या, "ह्यो कोंबड्यो की सोललेले नाल्ल गो?" (नाल्ल म्हणजे नारळ.) हसू आलं, पण खरंच तशाच दिसत होत्या, शेंडी तेवढी राहिलेली. तिसऱ्या दिवशी एक मेली, आठवड्याभरात घरच्या दोन शिंकायला लागल्या. तेव्हापासून माझा नियम : नवीन पाहुणी महिनाभर वेगळी. गोठ्याची रिकामी बाजू, न्हाणीमागची पडवी, कुठेही चालेल, पण वारा आणि भांडी घरच्यांपासून वेगळी हवीत. आधी घरच्यांचं दाणापाणी उरका, मग नव्यांकडे जा, आणि त्यांच्याकडे जायची चप्पल वेगळी ठेवा.

भीती दोन्हीकडून असते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. शेडमधल्या पक्ष्यांकडून सर्दीखोकल्याचे आजार घरच्यांना लागतात. उलट जन्मभर पिंजऱ्याच्या तारेवर उभ्या राहिलेल्या कोंबडीने आपल्या अंगणातली माती कधी पाहिलेलीच नसते. मातीतल्या रक्ती हगवणीच्या जंतूंशी आपल्या गावठी कोंबड्या पिल्लूपणीच झगडून तयार झालेल्या असतात, या कोऱ्या असतात. पावसाळ्यात खाली अंथरलेल्या ओल्या तुसात हे जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून तूस रोज हलवा, ओलं झालेलं काढून टाका. विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कोणाला झाली, कोणाला नाही, तेही त्यांनाच विचारा. आपल्या गावठींना बहुधा झालेली नसते.

अंगावर उवा आहेत का ते शेपटीखाली पिसं बाजूला सारून बघा. पायावरचे खवले उचललेले, चुन्यासारखे दिसले तर तो खरजेचा किडा. पाय कोमट पाण्याने धुऊन, पुसून, खोबरेल तेल चोळा, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. आंब्यावर मारायचं औषध कोंबडीवर शिंपडणारे महाभाग मी पाहिलेत. तसलं काही करू नका. चुलीची राख आणि कोरडी माती घमेल्यात भरून ठेवा, दोन-चार दिवसांत एखादी त्यात लोळेल. ती लोळली की समजा, कोंबडी जागी झाली. अंघोळ मात्र घालू नका, उघड्या कातडीला थंडी बाधते.

खाण्याचं सांगते. पिसं बहुतेक प्रथिनांचीच बनतात, त्यामुळे नुसत्या कणीभातावर ती भरून येणार नाहीत. शेडमधली सवयीची लेअर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं दळलेलं खाद्य) एकदम तोडू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू बाकीचं मिसळा. जवळा किंवा सुकट दोनदा पाण्यातून काढून, खारटपणा घालवून मूठभर. कालवांचे शिंपले वाळवून कुटून वेगळ्या वाडग्यात ठेवा, ज्या त्या आपापल्या गरजेपुरते उचलतील. चोच कापलेली असल्याने जमिनीवरचा दाणा त्यांना उचलता येत नाही, पसरट नको, खोल भांडं घ्या. पिंजऱ्यात नळीच्या टोकातून पाणी प्यायची सवय असते. वाडगं समोर असून तहानेने मरतील. चोच दोन-तीनदा पाण्यात बुडवून दाखवा. उचलताना दोन्ही पंख दाबून, खालून आधार देऊन उचला, पायाला धरून उलटं लटकवू नका. अंडी देऊन देऊन हाडं ठिसूळ झालेली असतात, मोडतात.

महिन्यानंतर मध्ये जाळी घालून नव्या आणि घरच्या कोंबड्यांना समोरासमोर ठेवा, आठवडाभर तरी. इथे माझी चूक सांगते. मी घरातलं मासेमारीचं जुनं जाळं ताणलं. एकीची वाढलेली नखं त्यात अडकली, ओढाताणीत पाय मुरगळला. तारेची कोंबडजाळी घ्या आणि नखं आधी कापा, टोकच फक्त, आतली लाल शीर वाचवून. मग एके संध्याकाळी सगळ्यांना मोकळ्या आगरात सोडा, खुराड्यात नव्हे. एकेकटी कधीच सोडायची नाही, सहाही जणी एकदम. दाणे चार ठिकाणी, पाणी दोन ठिकाणी. टोचाटोची होणारच, आपल्या गावठींना घर कोणाचं ते ठरवायचं असतं. रक्त दिसलं मात्र की लगेच उचला. लाल रंगावर सगळ्या तुटून पडतात, म्हणून जखमेला जेंशन व्हायोलेटचा जांभळा बोळा लावा. दांडीवर चढायचं त्यांना ठाऊक नसतं. फूटभर उंचीची दांडी लावून, काळोख पडल्यावर हाताने बसवा. आमच्या एकीला अकरा रात्री बसवावं लागलं. बाराव्या रात्री बघते तर कोंबड्याला ढकलून मधली जागा घेतलेली.

आता सासूबाईंचं. अंडी सांगता येत नाहीत. शेडवाले साधारण दीड वर्षाच्या वयाला कोंबडी काढून टाकतात. पिसं पालटून विसावा मिळाला की दोन-तीन महिन्यांनी काही जणी पुन्हा घालू लागतात, आधीपेक्षा कमी. एखादी कधीच घालत नाही, एखादी अंड्याच्याच आजाराने जाते. तेवढी तयारी ठेवा. तुरा लालभडक झाला की आशा धरा.

मात्र खत आजपासून मिळेल. ताजं माडाच्या आळ्यात ओतू नका, मुळं करपतात. पाचोळ्यात मिसळून तीनेक महिने कुजू द्या, मग घाला.