नॅशव्हिलमध्ये ब्लूग्रास ऐकायचं तर

नॅशव्हिलला राहायला आलायस, तर नुसता ब्रॉडवेवर, म्हणजे बारच्या त्या रस्त्यावर, फिरू नकोस. जुन्या वळणाचं कंट्री संगीत ऐकायला तिथला रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड हा बार छानच आहे, पण ब्लूग्राससाठी, म्हणजे बॅन्जो, फिडल, मॅन्डोलिन, गिटारवर वाजणाऱ्या कंट्रीच्या भावंडासाठी, गल्च भागातलं स्टेशन इन हे संगीताचं ठिकाण गाठ. १९७४ पासून चालू आहे ते. रविवारी रात्री तिथे जॅम असतो, म्हणजे जमलेले वादक मिळून वाजवतात. गिटार जरूर ने, पण आधी कडेला बसून नीट ऐक. ट्यूनर आणि कॅपो (पट्टी बदलायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) हवेतच. गाणाऱ्याने मानेने खुणावलं तरच सोलो, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवायची पाळी, घे. जमणार नसेल तर मान हलवून नाही म्हण, कोणी वाईट वाटून घेत नाही. दुसऱ्याचा सोलो चालू असताना मात्र हात अगदी हलका ठेव. मॅन्डोलिनचा कोरडा ठोका ऑफबीटवर, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधे, पडतो, तो कानात धरलास की लय सुटत नाही. गाणाऱ्याने पाय उचलला, की गाणं संपतंय समज.