‘अनभिज्ञ जनुक’: न कळणारं की न कळलेलं?

सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. प्रदर्शनातल्या तक्त्यासाठी त्यांनी मथळा केला: ‘एक अनभिज्ञ मानवी जनुक आणि ते बनवत असलेलं प्रथिन’. एका सहकाऱ्यानं ‘अनभिज्ञ’ खोडून ‘अल्पज्ञ’ केलं, दुसऱ्यानं ‘अवैशिष्ट्यीकृत’ सुचवलं. तक्ता सी९ऑर्फ७२ या जनुकाबद्दल आहे. बरोबर कुठलं?

बाई, तिन्ही नकोत. आणि खरं सांगायचं तर तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाही, ते ‘बनवत असलेलं’ मला जास्त खटकतंय. पण आधी विचारलेल्याचं बघू.

‘ज्ञ’ शेवटी आला की शब्द जाणणाऱ्याबद्दल बोलतो. सर्वज्ञ सगळं जाणतो, कृतज्ञ केलेलं जाणतो, तज्ज्ञ ‘ते’ जाणतो (आणि त्याला दोन ज लागतात, हे जाता जाता). अनभिज्ञ म्हणजे ज्याला माहीत नाही तो. अल्पज्ञ म्हणजे ज्याला थोडंच कळतं तो. तुमच्या मथळ्यात अडाणी ठरलं ते जनुक! अडाणी आपण आहोत. त्या बिचाऱ्याचं काम बिनबोभाट चालू आहे. जे जाणलं गेलं त्याच्यासाठी ‘ज्ञात’: अज्ञात, सुज्ञात, अल्पज्ञात. एका ‘त’नं कर्त्याचं कर्म होतं. ही चूक मला नवी नाही. मुद्रितं तपासायचो तेव्हा ‘अनभिज्ञ इसमाने दुचाकी पळवली’ हे वाक्य माझ्याच हातून सुटून छापून आलं होतं. चोराला दुचाकी पळवल्याचं ठाऊकच नव्हतं, असा त्याचा अर्थ.

मग ‘अज्ञात जनुक’ म्हणावं का? तेही नको, कारण जनुक माहीत आहे. कुठल्या गुणसूत्रावर, कुठे, किती लांबीचं, सगळं नोंदलेलं आहे. ‘अनोळखी’ म्हटलं की आपल्याला बातमीतला अनोळखी मृतदेह आठवतो. ‘अवैशिष्ट्यीकृत’बद्दल एवढंच म्हणेन की तो एका दमात म्हणणाऱ्याला शेंगाचटणीची पुडी माझ्याकडून. इंग्रजीत ‘अनकॅरॅक्टराइज्ड’ म्हणतात ते ‘याचं काम अजून कळलेलं नाही’ एवढ्याच अर्थानं. आपल्याकडे त्याला ‘उमगणं’ हे फार नेमकं क्रियापद आहे. माणूस वर्षानुवर्षं माहीत असतो आणि उमगलेला नसतो. ‘पुरतं न उमगलेलं जनुक’ म्हणा.

सी९ऑर्फ७२ हे नावच याची कबुली देतं. नवव्या गुणसूत्रावरची बहात्तराव्या क्रमांकाची ‘ओपन रीडिंग फ्रेम’, म्हणजे खुली वाचनचौकट. पत्ता आहे, ओळख नाही. आपल्या सोलापुरातल्या सात रस्ता चौकासारखं: रस्ते किती ते नाव सांगतं, कुठले कुठे जातात ते सांगत नाही. वाचनचौकट म्हणजे काय, ते मुलांना मराठीतूनच दाखवता येईल. डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचली जातात. फळ्यावर लिहा: मदन उगाच कशाला नाचतो. आता पहिलं अक्षर सोडून तीन-तीन घ्या: दनउ गाचक शालाना. अक्षरं तीच, चौकट सरकली आणि अर्थ गेला. ‘खुली’ एवढ्यासाठी की मध्येच ‘थांबा’ म्हणणारं त्रिकूट लागत नाही. अशी त्रिकुटं तीन आहेत. एवढा लांब पल्ला न थांबता वाचता येतोय म्हणजे इथे प्रथिनाचा मजकूर असावा, असा तो अंदाज. काम कळेपर्यंतचं हे तात्पुरतं नाव, बारशाआधीच्या ‘बाळा’सारखं. आणि काही घरांत पन्नाशीतही बाळ बाळच राहतो, तसं याचं झालं. २०११ साली दोन संशोधक गटांनी दाखवलं की या जनुकात जीजीजीजीसीसी या सहा अक्षरांचा तुकडा एकामागून एक शेकडो वेळा आला, तर एएलएस हा चेतापेशी झिजवणारा आजार किंवा मेंदूच्या पुढच्या भागाचा एक स्मृतिभ्रंश होऊ शकतो. त्यानंतर ते नाव इतकं रुळलं की बदलण्याची सोय उरली नाही.

आता ‘बनवतं’. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, आमच्या ओळखीचे एक मामा होते, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आयुष्य चादरीच्या मागावर. लहानपणी मी त्यांच्याकडे जकार्डची कार्डं पाहिली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दोऱ्यानं एकीला एक ओवून केलेली लांबलचक माळ, मागाच्या डोक्यावरून फिरणारी. खाली चादरीवर फूल उमटत होतं, म्हणून मी पट्टीवर फूल शोधत होतो. मामा हसले. “ह्यात फूल कुठलं रे? ह्यात नुसतं उचल आणि सोड.” जिथे भोक तिथला उभा धागा उचलायचा, जिथे नाही तिथला खाली सोडायचा, मग आडवा धागा जाणार, मग पुढची पट्टी. फूल पट्टीत नव्हतं आणि पट्टी काही विणतही नव्हती. विणत होता माग.

जनुक म्हणजे ती माळ. त्याची आधी आरएनए या डीएनएच्या भावंड रेणूत नक्कल उतरते, ती नक्कल वाचून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, एकापुढे एक जोडतो तो पेशीतला रायबोसोम. माग तो आहे. म्हणून ‘जनुक प्रथिन बनवतं’ हे ‘पुठ्ठ्यानं चादर विणली’ म्हणण्यासारखं आहे. पूर्वी मी इथे ‘नमुना’ सुचवायचो: ‘जनुकात प्रथिनाचा नमुना असतो’. आता नाही सुचवत. नमुना मूळ वस्तूसारखा दिसतो (‘काय नमुना आहे!’ हा वेगळा). पट्टी फुलासारखी दिसत नाही आणि डीएनए प्रथिनासारखं दिसत नाही. तिथे ‘संकेत’च हवा. फक्त ‘सांकेतित करतं’ असली क्रियापदं नकोत. ‘संकेतावरून घडतं’ म्हटलं की काम भागतं. ‘घडणं’ला कर्ता सांगावा लागत नाही, ही मराठीची सोय आहे, ती वापरावी.

हा निव्वळ शब्दांचा कीस नाही. सी९ऑर्फ७२मधला तो सहा अक्षरांचा वाढलेला तुकडा प्रथिनाच्या मजकुरात बसतच नाही. तो जनुकाच्या अशा भागात आहे, जो प्रथिनात उतरत नाही. म्हणजे प्रथिनाचा मजकूर बदललेला नाही आणि तरी आजार होतो. कसा, यावर अजून मतभेद आहेत: प्रथिन कमी पडतं, की तुकड्याची आरएनए नक्कल साचून त्रास देते, की त्या नकलेवरून आडमार्गानं घडणाऱ्या छोट्या साखळ्या विषारी ठरतात. ‘जनुक म्हणजे प्रथिन बनवणारं’ एवढंच डोक्यात धरलेल्या मुलाला यातली पहिलीच शक्यता सुचेल.

‘प्रथिन’ शब्दावर मात्र मी खूश आहे. १८३८ साली स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसनं ‘प्रोटीन’ हे नाव सुचवलं ते ‘पहिलं, मुख्य’ या ग्रीक अर्थावरून, आणि आपल्या ‘प्रथिन’मधूनही ‘प्रथम’ ऐकू येतं. आवाज जुळला, अर्थही जुळला, असं नशीब फार थोड्या पारिभाषिक शब्दांना मिळतं. अडचण एकच. आपल्या कानाला ‘प्रथिनं’ म्हणजे डाळ, अंडी, शेंगा. पिठासारखं किलोवर मोजायचं काहीतरी. इथे ते एकेक मोजायचं आहे: हे एक प्रथिन, ४८१ अमिनो आम्लांचं, पेशीतला टाकाऊ माल निकालात काढण्याच्या कामात एसएमसीआर८ नावाच्या जोडीदारासोबत सापडणारं. म्हणून तक्त्यावर पहिल्यांदा ‘हे प्रथिन’ असं एकवचनी लिहा, नाहीतर पालक पाव किलो मागतील.

तर मथळा: ‘पुरतं न उमगलेलं एक मानवी जनुक आणि त्याच्या संकेतावरून घडणारं प्रथिन’. लांब वाटला तर ‘एक’ काढा, ‘पुरतं’ काढू नका. आणि शाळेत कुणाकडे जुनं जकार्डचं कार्ड सापडलं, तर तक्त्याशेजारी टांगा.