बारावी झाली आहे. पुण्यात कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये काम करायचं आहे, सुरुवात कशी करू?

पदवी लागत नाही, बारावी पुरते. पण आधी डॉक्टरांकडून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. कुत्रा चावला तर नंतरही डॉक्टरांकडे जावं लागतंच, पण आधी लस घेतलेली केव्हाही चांगली. मग शहराच्या कडेला, वाघोली-पिरंगुटकडच्या बोर्डिंगमध्ये स्वतः जाऊन विचारा. मे महिन्यात आणि दिवाळीत लोक आपली कुत्री तिथे ठेवून गावाला जातात, तेव्हा कामाला माणसं कमी पडतात. महिनाभर आधी गेलात तर शिकायलाही सवड मिळेल.

काम मुख्यतः साफसफाईचं आहे. नुसतं फिनेल मारून भागत नाही, पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू त्याला दाद देत नाही. घाण काढायची, फरशी धुवायची, मग ब्लीचचं पातळ पाणी दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे नजर. नवीन कुत्रा पहिल्या दिवशी बरेचदा जेवत नाही, घाबरू नका. पण शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर हात पुढे करू नका. थोडं लांब, त्याच्याकडे न बघता बसून राहा. तो आपणहून हुंगायला येतो. फटाक्यांच्या रात्री तर याची फार गरज पडते.

सुरुवातीला पगार बेताचाच असतो. आणि लसीकरणाचं कार्ड न बघता कुत्री आत घेणाऱ्या ठिकाणी कृपया राहू नका.