वस्तीतला वेग : तीस की पन्नास?

प्रश्न : आमच्या लातूरच्या वसाहतीत शिकवणी वर्गांमुळे पहाटेपासून मुलामुलींच्या सायकली आणि स्कूटी सुरू होतात. येथील वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर करून घ्यावी, असे आम्हाला वाटते. परंतु काही शेजारी म्हणतात की, वीस किलोमीटरने असा काय फरक पडणार? उलट वेळ जाईल.
— एक वाचक, लातूर

उत्तर : फरक पडतो, आणि शेजाऱ्यांना वाटतो त्याहून पुष्कळ मोठा पडतो. समोर मूल आल्याचे दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात सुमारे १४ मीटर पुढे आलेली असते. ३० च्या वेगातील गाडी मात्र कोरड्या, चांगल्या रस्त्यावर जवळजवळ तेवढ्याच अंतरात पूर्ण थांबते. म्हणजे जेथे हळू येणारी गाडी मुलाच्या अलीकडे उभी राहते, तेथे वेगाने आलेली गाडी ब्रेक लागण्यापूर्वीच, सगळ्या वेगानिशी त्याच्यावर आदळते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे पावणेतीन पट असते, आणि सायकलवरच्या मुलाभोवती ती झेलायला पत्राही नसतो.

वेळेचे म्हणाल, तर वसाहतीतील अर्ध्या किलोमीटरला ३६ ऐवजी ६० सेकंद लागतील.

ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळून सर्वत्र ३० ची मर्यादा लागू केली. हेलसिंकीत आज निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ती आहे आणि जुलै २०२४ पासूनच्या वर्षभरात तेथे रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. मात्र तेथे रस्त्यांची रचना बदलली गेली, कॅमेरेही बसले, हे विसरू नये. केवळ फलक लावून वेग फारसा उतरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून गतिरोधकही मागावा, पण कृपया वर्गणी काढून सिमेंटचा उंचवटा स्वतः घालू नये. पहाटेच्या अंधारात स्कूटीवरची मुले त्यावरच पडतील. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार तो (वाहन जाण्याच्या दिशेने) ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि गोलाईदार असावा, व त्यावर रंगाचे पट्टे असावेत. मर्यादा कमी करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य शासनाला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांना आहे. तेव्हा रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज महापालिका आणि वाहतूक शाखा, दोघांकडे द्यावा आणि त्यात शिकवण्या भरण्या-सुटण्याच्या वेळा अवश्य लिहाव्यात.