डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, सिन्नरला दोन वर्षं व्हीएमसीवर (धातू कापून पार्ट बनवणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशिन) आहे. लिंक्डइनवर प्रोफाइल बनवली पण नाशिकमधून कुणीच विचारत नाही. प्रोफाइल नक्की कशी असावी?

तुमच्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय की प्रोफाइलच्या वर सध्या ‘डायनॅमिक अँड हार्डवर्किंग मेकॅनिकल इंजिनिअर’ असं आहे. अडचण तिथेच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी नाशिकच्या अंबडला एका मशिन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो. आमच्याकडे वेगळा एचआर नाही, त्यामुळे माणूस कमी पडला की शोधायचं काम माझ्याकडे येतं. बहुतेकदा रात्री, दुसरी शिफ्ट लावून झाली की मोबाइलवर. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच असतं की या मुलाला सोमवारी मशिनवर उभं केलं तर त्याला काय येईल. मेहनती आहे की नाही हे मला प्रोफाइलवरून कळत नाही आणि मी ते तिथे शोधतही नाही. प्रत्येकानेच तसं लिहिलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात सेटर, म्हणजे नव्या पार्टसाठी मशिन लावून देणारा माणूस, हवा होता. दोन मुलं जवळपास सारख्याच अनुभवाची दिसली. एकाच्या प्रोफाइलवर कंपनीचं नाव, ‘प्रॉडक्शन इंजिनिअर’ आणि खाली इंग्रजीतला मोठा परिच्छेद, सरळ कुठूनतरी उचललेला. दुसऱ्याने लिहिलं होतं: व्हीएमसी सेटर-कम-ऑपरेटर, फॅनक कंट्रोल, अ‍ॅल्युमिनियम हाउसिंग, बोअर टॉलरन्स २० मायक्रॉन, स्वतः फिक्स्चर सेट करतो. इंग्रजी तुटकं होतं, पण कोणतं मशिन, त्याचा कंट्रोल कुठला, पार्ट कोणता, माप किती बारीक आणि हा स्वतः काय करतो, हे मला पूर्ण समजलं. फोन दुसऱ्याला केला. पहिला कदाचित कामाला जास्त चांगला असेल, पण ते मला कळायला काही मार्ग नव्हता.

म्हणून आधी हेडलाइन, म्हणजे नावाखालची ती ओळ, बदला. तिथे २२० अक्षरं मिळतात. आपण काही लिहिलं नाही तर लिंक्डइन स्वतःच पद आणि कंपनीचं नाव टाकून मोकळं होतं. शोधणाऱ्याला यादीत मुख्यतः तुमचं नाव, फोटो, हेडलाइन आणि गाव दिसतं, आणि मोबाइलवर हेडलाइनचा शेवट कापला जातो. म्हणजे मशिन, कंट्रोल आणि तुम्ही काय करता हे अगदी सुरुवातीला यायला हवं. सेटिंग येत असेल तर ‘सेटर’ हा शब्द लिहाच. आमच्याकडे ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारात आणि मानातही फरक आहे. दोन वर्षांत तुम्ही टूल ऑफसेट घ्यायला (टूलचं माप मशिनला द्यायला), फर्स्ट पीस (पहिला पार्ट) पास करून घ्यायला शिकला असाल, तर स्वतःला नुसतं ‘इंजिनिअर’ म्हणून त्या मेहनतीवर पाणी का सोडता?

शब्दांचं अजून एक. समोरचा जो शब्द टाइप करणार तोच शब्द तुमच्या प्रोफाइलवर हवा. नाशिकमध्ये जुनी माणसं बॉशला अजून मायकोच म्हणतात, चौकाचं नावही मायको सर्कलच आहे, पण कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं. तिथल्या एखाद्या वेंडरकडे काम केलेल्या माणसाने फक्त ‘मायको’ लिहिलं, तर आजचा रिक्रूटर त्याच्यापर्यंत पोचणार कसा? तसंच मशिनचं. शॉपमध्ये आपण ‘व्हीएमसी’ म्हणतो, पण पूर्ण नाव ‘व्हर्टिकल मशिनिंग सेंटर’ हेही खाली एकदा येऊ द्या.

गावाच्या जागी बरीच मुलं मुंबई किंवा पुणे टाकतात, मोठं वाटावं म्हणून. तसं करू नका. शोधताना ठिकाणाची चाळणी लावली जाते. मला अंबडला रोज येऊ शकणारा माणूस हवा असतो, पुण्याचा मुलगा मी उघडूनही बघत नाही. नाशिकच लिहा, आणि इंग्रजी स्पेलिंग ‘एस’नंतर ‘एच’ असलेलं, सध्याचं सरकारी.

‘अबाउट’मध्ये २६०० अक्षरं मिळतात म्हणून ती भरायची नसतात. पाच-सहा ओळी पुरे. कोणते पार्ट, कोणतं मटेरियल, कोणती गेजेस हाताळता, ड्रॉइंग वाचता येतं का, प्रोग्रॅममध्ये बदल करता की फक्त चालवता. रिजेक्शन कमी केलं असेल तर किती आणि कशामुळे, तेही लिहा, पण जे खरं आहे तेवढंच. मुलाखतीत मी तोच आकडा धरून विचारतो. ज्याने खरंच केलंय तो टूल कुठलं बदललं, कूलंट कसं वळवलं, हे सांगायला लागतो आणि थांबतच नाही. ते ऐकायला मला फार आवडतं.

एका बाबतीत मात्र सांभाळा. कस्टमरचं ड्रॉइंग, पार्ट नंबर किंवा पार्टचा फोटो कधीही टाकू नका. ते कस्टमरचं गुपित असतं, आणि सध्याची नोकरी जाईलच, शिवाय मीही अशा मुलाला घेणार नाही, कारण उद्या तो आमचाही फोटो टाकेल. ‘ऑटोमोटिव्ह कस्टमरसाठी अ‍ॅल्युमिनियम हाउसिंग’ एवढं पुरतं.

फोटो साधा, चेहरा दिसणारा, उजेडात. लग्नातला कापलेला नको, गॉगल नको. यापेक्षा जास्त विचार त्यावर करू नका.

तुम्ही नोकरीत असताना शोधताय, त्यामुळे ‘ओपन टू वर्क’ (नोकरी शोधतोय ही खूण) लावताना ‘फक्त रिक्रूटर’ हा पर्याय निवडा. फोटोभोवतीची हिरवी चौकट लावलीत तर तुमच्या सुपरवायझरलाही दिसेल. रिक्रूटरपुरतं ठेवलं तरी तुमच्याच कंपनीतल्या माणसाला कळणार नाही याची पूर्ण हमी लिंक्डइन देत नाही, हेही लक्षात असू द्या. शिवाय बदल करायच्या आधी, बदलांची बातमी ओळखीच्यांना पाठवणारी सेटिंग बंद करा, नाहीतर एका रात्रीत दहा बदल केलेत की सगळ्या शॉपला सुगावा लागतो.

आमच्या भागात शेवटचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवरच होतं. तिथेही डीपी आणि नाव नीट ठेवा, ‘किंग’, ‘भाई’ वगैरे नको. पण मोबाइल नंबर आणि जन्मतारीख लिंक्डइनवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवू नका. आधार किंवा मार्कशीटचा फोटो तर कुठेच चढवू नका. नंबर मेसेजमध्ये मागितला की मग द्या. आणि कुणी ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘गेटपास’साठी पैसे मागितले, मग ते पाचशे रुपये का असेनात, तर तिथेच बोलणं बंद करा. कामावर घेणारा माणूस कामगाराकडून पैसे मागत नाही.

हेडलाइन लिहून झाली की तुमच्याच शिफ्टमधल्या एखाद्या जुन्या सेटरला दाखवा आणि विचारा, ‘दादा, हे वाचून मला काय येतं ते सांगा.’ त्याने बरोबर मशिन आणि बरोबर काम सांगितलं, तर ती तशीच ठेवा.