ॲड ब्लॉकर नेमकं काय करतो, आणि तो टाकल्यावर काही साइट का अडतात?

ब्लॉकर आलेली जाहिरात पुसतो असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर बहुतेक जाहिराती तुमच्या फोनपर्यंत पोचतच नाहीत. बातमीचं एक पान उघडलं की ते पान ब्राउझरला आणखी डझनभर ठिकाणी पिटाळतं, इथून चित्र आण, तिथून स्क्रिप्ट (पानावर चालणारा छोटा प्रोग्रॅम) आण. त्यातले कितीतरी पत्ते जाहिरातवाल्यांचे आणि तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांचे असतात. ब्लॉकर प्रत्येक मागणी बाहेर पडण्याआधीच अशा पत्त्यांच्या यादीशी ताडून पाहतो आणि पत्ता यादीत सापडला की तिथंच अडवतो. ईझीलिस्ट ही अशी यादी २००५ पासून चालू आहे. मागे उरलेली रिकामी चौकट तो वेगळ्या नियमाने लपवतो. मागणीच गेली नाही, म्हणून डेटा वाचतो आणि पानही लवकर उघडतं.

मी याकडे वळलो ते बाबांमुळे. मोबाइलवर बातमी वाचताना ते ‘पुढे वाचा’वर बोट टेकवायचे आणि नेमकी तेव्हाच जाहिरात मधे घुसून पान खाली सरकायचं. एकदा असेच ते ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ सांगणाऱ्या पानावर पोचले आणि दोन दिवस फोनला हात लावेनात. सर्चमधल्या खोट्या जाहिरातींपासून वाचायला ब्लॉकर वापरा, असा सल्ला अमेरिकेच्या एफबीआयनेही डिसेंबर २०२२ मध्ये दिला होता. वयस्कर माणसाच्या फोनवर तर तो हवाच, असं माझं ठाम मत आहे.

ब्लॉकर हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन टाकता येत नाही, म्हणून बाबांना फायरफॉक्स हा ब्राउझर आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन नावाचं ब्लॉकर एक्स्टेंशन दिलं. कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये गूगलच्या नव्या नियमांमुळे ते आता चालत नाही, त्याची ‘लाइट’ आवृत्ती घ्यावी लागते. तिथं एक्स्टेंशनला दर मागणी स्वतः तपासता येत नाही, काय अडवायचं याची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करावी लागते. नाव नीट बघूनच घ्या. ब्लॉकरला तुमचं प्रत्येक पान वाचता येतं, आणि २०१८ मध्ये गूगलला क्रोमच्या स्टोअरमधून पाच नकली ब्लॉकर काढावे लागले होते.

आता अडणाऱ्या साइटचं. कधी यादीत साइटला लागणारी स्क्रिप्टच सापडते, मग पेमेंटचं बटण दाबलं तरी काही होत नाही. कधी साइट मुद्दाम जाहिरातीच्या नावाची एक फाइल मागवून बघते. ती आली नाही की ‘ब्लॉकर बंद करा’ची पाटी लावते. दोन्ही वेळा ब्लॉकरच्या चिन्हावर टिचकी मारा, तेवढ्या साइटपुरता तो बंद करा आणि पान पुन्हा उघडा. अख्खा ब्लॉकर काढू नका.

मी स्वतः दोन-तीन छोट्या मराठी साइटवर तो कायमचा बंद ठेवलाय. जाहिरातीच्या पैशांवरच त्या चालतात, आणि त्यांच्या जाहिराती मजकुराच्या कडेला गुपचूप बसून असतात.