२०२१ चा एक्सरे अजून कोर्टात चालेल का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मे २०२१ मध्ये बहिणीच्या सहा महिन्यांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं, हॉस्पिटलने आधी कोविडचा रिपोर्ट आणा म्हणत चार तास बाहेर थांबवलं, एकच नातेवाईक आत सोडणार म्हणून बाप आत गेला आणि केसपेपरवर आलं "खेळताना पडला". आता बहिणीला दुसरं बाळ झालंय, मुलाला घरातच मार बसला असावा या भीतीने तुमची झोप उडालीये, आणि तुम्ही विचारताय की खूप उशीर झाला का.

नाही झाला. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, घटना २०२१ ची म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम ३२५ लागेल, त्यात ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ३ वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नसतं. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ (मुलाशी क्रूर वागणं) पण सोबत लावायला सांगा.

पुराव्याचं म्हणाल तर तो केसपेपरच बघा ना, सहा महिन्यांचं मूल धड बसत नाही ते खेळताना पडून मांडीचं हाड कसं मोडेल? आणि तुम्ही पाठवलेल्या एक्सरे रिपोर्टात बरगड्यांची भरत आलेली जुनी फ्रॅक्चर लिहिलीत, म्हणजे मार एकदाच बसलेला नाही. हे वाचून मला खरंच गलबलून आलं. त्या गर्दीत पीपीई किटमधल्या डॉक्टरने बाप बोलला ते लिहून घेतलं, आईला वेगळं कुणी विचारलंच नाही. तेच डॉक्टर आता तुमचे महत्त्वाचे साक्षीदार आहेत.

म्हणून हॉस्पिटलशी भांडत बसू नका. आधी उपचार, कागदपत्रं नंतर हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय, त्यांचं चुकलंच, पण ग्राहक तक्रारीची २ वर्षांची मुदत गेली. त्यांच्याकडून फक्त रेकॉर्डच्या कॉप्या लेखी अर्ज देऊन मागा, पोच घ्या. ज्या फोनमध्ये फोटो आहेत तो फॉरमॅट करू नका, विकू नका.

पण हे सगळं उद्या. आज १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा, दोन्ही मुलांबद्दल सांगा, बाल कल्याण समितीपुढे विषय न्या म्हणावं. बहिणीची परवानगी लागत नाही. ती घाबरलेली आहे, तिच्यावर चिडू नका, फक्त तिच्या हो म्हणण्याची वाट बघत थांबू नका. पोलिसांनी एफआयआर नाही घेतली तर तक्रार पोस्टाने एसपींना (पोलीस अधीक्षकांना) पाठवा आणि मला कळवा, पुढे मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू.